खलिफाने विचारलं होतं

गावडेतात्या माझ्या केबिनमध्ये पहिल्यांदा आले ते भांडायला. आमच्या ऑफिसात भांडायला येणारी माणसं दोन प्रकारची. एक दारातूनच आवाज चढवणारी, आणि दुसरी, बसा म्हटलं तरी न बसणारी. तात्या दुसऱ्या प्रकारातले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला एक निळं पेन, एक लाल, आणि हातात गुंडाळी केलेला कागद. "मॅडम, ह्याच्यावर साहेबांची सही झाली नाही तर मआमीरच्या कॅम्पात आज कुणी जेवायचं नाही," एवढं म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मी तेव्हा नवी होते. नवऱ्याला बँकेत नोकरी लागली म्हणून बहरीनला आलेली, राहायला रिफाला, आणि मनामातल्या या कंत्राटदार कंपनीत एचआर असिस्टंट. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे जीभ तिखट. "जेवायचं नाही तर नका जेवू, तुमचं धान्य वाचेल," असं मी म्हणून गेले. तात्यांनी गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. मग कागद उलगडला. तो लीव्हच्या नंबरांचा कागद होता.

हा नंबर काय प्रकार आहे ते सांगायलाच हवं, कारण तात्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. मआमीरच्या कामगार कॅम्पात साठ-सत्तर माणसं आपल्या कोकणातली. सुतार, गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर. प्रत्येकाला दोन वर्षांनी एकदा दीड महिन्याची लीव्ह. पण एका वेळी चौघांहून जास्त माणसं सुटायची नाहीत, काम अडतं. आणि कोकणी माणसाला लीव्ह हवी असते ती कधी? चतुर्थीला! वैशाखात जा म्हटलं तर तोंड वाकडं. साठ माणसं, चार जागा आणि एक गणपती. पूर्वी यावरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणे. तात्या कॅम्पचे टाइमकीपर झाले आणि त्यांनी मेसमध्ये एक फळा टांगला. त्याच्यावर खडूने सगळ्यांचे नंबर. नंबर आपसात बदलायचा, पण मध्ये घुसायचं नाही. बदलायचा तर दोघांनी सही करायची, खाली टाइमकीपरची सही, मग ऑफिसचा शिक्का. या फळ्यापुढे कॅम्पात देवाचंसुद्धा चालत नसे.

त्या दिवशी भांडण होतं ते वेगळंच. मोठा प्रोजेक्ट आला होता आणि मॅनेजरसाहेबांनी लीव्हसाठी चोवीस महिन्यांचे तीस महिने करायचं ठरवलं होतं. साहेब बहरीनी होते, पोटाने आणि मनाने दोन्हीकडून मोठे, पण प्रोजेक्ट म्हटला की त्यांचाही नाइलाज. तात्या आत गेले. मी फाइल घेऊन मागोमाग. मला वाटलं, आता हा माणूस हात जोडणार, रडगाणं गाणार. तात्यांनी अरबीत गोष्ट सांगायला सुरुवात केली.

अरबी मोडकीतोडकी, मध्येच हिंदी, पण साहेब खुर्चीत पुढे सरकले. नंतर तात्यांनी मला ती मराठीत सांगितली, आणि पुढे पन्नास वेळा ऐकली. मदिनेचा खलिफा शहरात फेरी मारायला निघाला होता. फौजा गेलेल्या लांब, इराकात, शामात म्हणजे सीरियात. एका घरातून बाईचा आवाज आला. नवरा फौजेत, आणि ती एकटीच त्याच्या नावाने विरहाचं काहीतरी म्हणत होती. खलिफा घरी आला आणि त्याने आपल्या लेकीला विचारलं, बाई नवऱ्यावाचून किती दिवस काढू शकते? लेक लाजली. मग म्हणाली, चार महिने. तेव्हा खलिफाने हुकूम काढला की यापुढे कुठल्याही शिपायाला त्याहून जास्त दिवस घरापासून लांब ठेवायचं नाही.

"साहेब, तो चार महिने म्हणाला," तात्या म्हणाले, "आम्ही चोवीस मागतोय."

साहेब हसले. "गावडे, त्या खलिफाला क्लायंट नव्हता," असं म्हणाले, पण सही चोवीसवर केली. तात्यांनी कागद परत गुंडाळला, मला म्हणाले, "येतो मॅडम," आणि दोन मिनिटांनी परत येऊन दारातून विचारलं, "कोल्हापूरच्या काय हो तुम्ही? वाटलंच."

जुन्या अरबी गोष्टींचं हे वेड त्यांना लागलं ते एका इजिप्शियन टायपिस्टमुळे. तात्या या देशात नवे असताना ऑफिसात उस्ताद नबील म्हणून एक म्हातारा अरबी टायपिस्ट होता. तात्यांना अक्षरओळख त्याने दिली आणि जाताना जुन्या इतिहासाचे तीन जाडजूड ग्रंथ दिले. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेले, अरबांच्या पहिल्या स्वाऱ्यांचे. आचऱ्याजवळच्या खेड्यातला, जेमतेम दहावी झालेला हा माणूस दुपारी जेवल्यावर पत्र्याच्या शेडखाली बसून बोटाने एकेक ओळ लावायचा. दिवसाला अर्धं पान. तीस वर्षं.

पण लढायांत त्यांना रस नव्हता, हे मोठं नवल. शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण झालं की मेसमध्ये मंडळी जमायची. मी महिन्यातून एकदा कॅम्प तपासायला जायची तेव्हा दोन-चारदा ऐकत बसले. कुणीतरी म्हणायचं, "तात्यानू, लढाई सांगा! तलवारी सांगा!" तात्या वैतागायचे. "लढाई एक दिवस चालली रे. चालत दोन महिने गेले, त्याचं काय? पाणी कुणी वाहिलं? भाकरी कुणी भाजली?" आणि मग सांगत बसायचे. घोड्यावर बसून कुणी लांब जात नसे. बसायचं उंटावर, घोडा नुसता दोरीने बरोबर चालवायचा, म्हणजे लढाईच्या दिवशी तो ताजा. बायकासुद्धा फौजेबरोबर असायच्या, पाण्याच्या पखाली घेऊन, आणि एका लढाईत आपले पुरुष पळून यायला लागले तेव्हा त्यांनी तंबूचे खांब उपटून त्यांनाच झोडपलं. या ठिकाणी मंडळी खूश व्हायची. दहा-दहा शिपायांची टोळी आणि प्रत्येक टोळीवर एक अरीफ. "अरीफ म्हणजे कोण? म्हणजे मी!" त्या दिवसापासून तरुण पोरं त्यांना अरीफसाहेब म्हणायला लागली. तात्यांना ते आवडायचं, पण तसं दाखवत नसत.

बसरा शहराची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. बसरा म्हणजे आधी फौजेचा कॅम्प. बोरूच्या झोपड्या. मोहिमेवर निघाले की झोपड्या मोडायच्या, बोरूच्या मोळ्या बांधून ठेवायच्या, परत आले की पुन्हा उभ्या करायच्या. प्रत्येक जमातीची आळी वेगळी. "आपल्यासारखंच की," तात्या म्हणायचे, "ह्या खोलीत देवगड, त्या खोलीत राजापूर, कोपऱ्यात वेंगुर्ला." मग बोरूचं झालं मातीचं, मातीचं झालं विटांचं. आणि शिपाई? ह्याच किनाऱ्यावरची कितीतरी माणसं तिकडे गेली. खजुराची झाडं, विहिरी, म्हाताऱ्या आया मागे ठेवून. एका मोहिमेपुरते म्हणून गेले होते. "परत किती आले ते कुणी लिहिलेलं नाही," तात्या सांगायचे. "तीन ग्रंथ शोधले. कोण मेला ते आसा. कोण परत इलो, तां नाय." मनापासून बोलायला लागले की तात्यांची मालवणी सुरू व्हायची.

समोरच्या इराणी सैन्याबद्दलही ते तेवढ्याच मायेने बोलायचे. एका लढाईत त्या बिचाऱ्यांना एकमेकांना साखळीने बांधलं होतं, असं लिहिलंय. पळू नयेत म्हणून. "म्हणजे पासपोर्ट मालकाच्या कपाटात," तात्या म्हणायचे, आणि सगळी मेस हसायची, पण जरा जपूनच.

आणि त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती इथलीच. इथल्या सुभेदाराला वाटलं, तिकडे इराकात दुसऱ्याचं नाव होतंय, मग आपण का मागे? खलिफाला न विचारताच त्याने फौज बोटीत घातली आणि समोरच्या किनाऱ्यावर, इराणातल्या फार्समध्ये उतरवली. लढाई झाली, पण मागे बघतात तर परतायची वाट बंद. बोटींपर्यंत पोहोचताच येईना. शेवटी खलिफाने बसऱ्याहून दुसरी फौज पाठवून त्यांना सोडवलं. सुभेदाराला शिक्षा काय? ज्याच्याशी त्याचं पटत नव्हतं त्याच्या हाताखाली बदली! यावर आमच्या ऑफिसातले लोकसुद्धा पोट धरून हसले असते. तात्या हसत नसत. "एकाने न विचारता ठरवलं," म्हणायचे, "आणि परतीची वाट बंद झाली ती शिपायांची."

असा हा माणूस. तुम्हाला वाटेल, देवमाणूस. तसं काही नाही. हट्टी होते, संशयी होते, आणि नियम म्हटला की आंधळे होते. आणि त्या आंधळेपणात एक गोष्ट घडली ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चतुर्थी जवळ आली की कोकणातल्या आया आजारी पडतात. हसू नका, आमच्या रजिस्टरवर आहे. श्रावण लागला की एकाची आई सिरीयस, दुसऱ्याची आजी शेवटच्या घटकेला. नंबर नसलेली माणसं अशी सुटायची, आणि महिन्याभराने आईच्या हातचे लाडू घेऊन परत यायची. एका वर्षी अशा तिघांच्या आया एकदम आजारी पडल्या आणि आरतीच्या व्हिडिओत तिघीही टाळ्या वाजवताना दिसल्या. ज्यांचे नंबर गेले होते त्यांनी मेसमध्ये ताटं आपटली. मग तात्यांनी नियम केला. चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात कुणाच्याही घरचं दुखणं आलं तर डॉक्टरची सही-शिक्क्याची चिठ्ठी आल्याशिवाय नंबर मोडायचा नाही. नियम चोख होता. ऑफिसलाही आवडला. त्याचं सर्क्युलर निघालं, आणि ते टाइप कुणी केलं? मीच!

त्याच्या पुढच्याच वर्षी सदा घाडी तात्यांपुढे येऊन उभा राहिला. सदा गवंडी, तिशीतला, बोलायला कमी. त्याची आई आजारी. चतुर्थीला दहा दिवस. तात्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "चिठ्ठी आण." सदा म्हणाला, "तात्यानू, गावात डॉक्टर नाय. शहरात नेवक होयी. मी गेलंय तर नेईन." तात्या म्हणाले, "सगळे असंच सांगतात रे." चिठ्ठी यायला चार दिवस लागले. आई तिसऱ्या दिवशी गेली.

सदा गेला आणि महिन्याने परत आला. तात्यांना एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज सकाळी हजेरीला समोर उभा राहायचा, "घाडी," म्हटलं की "हजर" म्हणायचा, बस. तात्या माझ्याकडे आले, म्हणाले, "मॅडम, ते सर्क्युलर रद्द करा." मी साहेबांकडे नेलं. साहेब म्हणाले, "कशाला? उत्तम नियम आहे. खोटं बंद झालं." नियम तात्यांच्या हातातून सुटून कंपनीचा झाला होता.

तेव्हापासून तात्यांनी शुक्रवारच्या गोष्टी बंद केल्या. आणि दुसरी एक गोष्ट सुरू केली, जी फक्त मला कळत होती, कारण फॉर्म माझ्याकडे यायचे. त्यांचा नंबर लागला की ते तो दुसऱ्याला देऊन टाकायचे. एकदा एका पोराचं लग्न होतं. दोन वर्षांनी एकाच्या बायकोचं बाळंतपण. त्याच्यापुढे दोन वर्षांनी कुणाचंतरी घर बांधायचं होतं. तीनदा नंबर आला, तीनदा दिला. सहा वर्षं हा माणूस घरी गेला नाही! घरी बायको एकटी. एकुलती एक मुलगी लग्न होऊन कणकवलीला.

मग एक दिवस ऑफिसच्या फोनवर कॉल आला. "मॅडम, मी आचऱ्यासून बोलतंय. गावड्यांची घरकारीण." आवाज इतका मऊ की मी खुर्चीत सावरून बसले. "ह्येंचो नंबर कधी लागतलो? ह्ये म्हणतत, कंपनी सोडणा नाय. तुमी मोठ्या सायबाक जरा सांगा मगे."

 कंपनी सोडत नाही! काय सांगणार होते मी तिला? "वहिनी, पुढच्या वेळी नक्की," एवढंच म्हणाले. "बरां," त्या म्हणाल्या, "तुमी सांगतास म्हणजे आसतलाच." आणि माझ्या मुलाबाळांची चौकशी करून फोन ठेवला.

मी त्याच दिवशी गाडी काढून मआमीरला गेले आणि तात्यांना शेडखाली गाठलं. म्हटलं, "लाज नाही वाटत? सदाच्या आईचं प्रायश्चित्त तुम्ही घेताय आणि उपास त्या माऊलीला घडवताय! सगळ्या जगाला चार महिन्यांची गोष्ट सांगता. खलिफाने निदान विचारलं तरी होतं. तुम्ही विचारलंत कधी वहिनींना?"

तात्यांचं बोट पुस्तकातल्या ओळीवरच राहिलं. पलीकडे रिफायनरीच्या टाक्या, त्यांच्यावर पांढरं ऊन. मग म्हणाले, "नाय विचारलं." पुस्तकात खूण घातली, पुस्तक मिटलं. "पुढच्या नंबराला जातंय, बाय." त्या दिवसापासून मला मॅडम म्हणायचं त्यांनी सोडलं.

पुढचा नंबर म्हणजे आणखी दीड वर्ष. मी तोंड उघडून म्हटलं नाही की आत्ताच जा. का नाही म्हटलं, कोण जाणे. फळ्यापुढे आम्ही सगळेच तसे झालो होतो.

त्या वर्षीच्या श्रावणातला गुरुवार. सकाळी तात्या ऑफिसात आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, न सांगता, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मुलीचा फोन आला होता. वहिनींना झटका आलेला. एक बाजू गेली होती. कणकवलीच्या दवाखान्यात होत्या. "बोलते आसा," तात्या म्हणाले. "माझ्याशी बोलली. म्हणाली, नंबर लागलो काय?"

मी उठलेच. जुने साहेब निवृत्त झाले होते, नवा मॅनेजर आला होता, तरुण, भाषेने गोड आणि कागदाने पक्का. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मुलीने डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता, तोही बघितला. "शिक्का नाही," म्हणाला. "आणि हा चतुर्थीचा महिना आहे ना? तुमचंच सर्क्युलर आहे, मॅडम. रविवारी शिक्क्याची कॉपी मागवा, लगेच सोडू, इंशाल्ला." शुक्रवार-शनिवार सुट्टी. मी भांडले. टेबलावर हात आपटला. म्हटलं, हा माणूस सहा-सात वर्षं घरी गेलेला नाही, ह्याचं रेकॉर्ड बघा! तेवढ्यात मागून तात्या म्हणाले, "राहू दे बाय. सदाच्या वेळी मी हेच बोललेलंय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नंबर बदला. या सोमवारी चौघं निघतायत, कुणीही देईल." तात्यांनी मान हलवली. "चतुर्थीचो नंबर कुणाचो घेवचो नाय. आणि कॅम्पात ह्या कोणाक सांगूचा नाय. शपथ आसा तुका." आणि मी, एवढी तिखट जिभेची बाई, गप्प बसले. दोन दिवस! शुक्रवारी मॉलमध्ये किराणा घेतला, शनिवारी माझ्या मुलीच्या शाळेची चित्रं पाहिली. ती काहीतरी इंग्रजीत विचारत होती आणि मी हो हो म्हणत होते. शपथ मोडली नाही. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

रविवारी सकाळी तात्यांच्या मुलीने दुसरा फोटो पाठवला, त्यावरही शिक्का नव्हता. डॉक्टर गावाला गेला होता, शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्याच्याकडे. मग मात्र मी शपथ मोडली. ऑफिसात जायच्याऐवजी सरळ साइटवर गेले आणि विटांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या सदा घाडीला बाजूला घेतलं. त्यालाच का? त्या सोमवारच्या चौघांत त्याचा नंबर होता म्हणून. आईच्या मागे चतुर्थीला तो पहिल्यांदाच घरी निघाला होता.

सदाने ऐकलं. हात झटकले. माझ्या गाडीत येऊन बसला, सिमेंटच्या कपड्यांनिशी. कॅम्पात तात्या हजेरीचा कागद लिहीत होते. सदाने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला, वाटेत माझ्याकडूनच मागून घेतला होता, आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्याची सही केलेली होती.

"तात्यानू, सही करा."

"माका नको," तात्या म्हणाले. "तुझो चतुर्थीचो नंबर आसा."

"माझी आये आता खय आसा?" सदा म्हणाला. सात वर्षांत तात्यांशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. "तुमची माणसा आसत. जावा."

फॉर्मवर तात्यांना दोनदा सही करायची होती. एक घेणाऱ्याची, एक टाइमकीपरची. निळ्या पेनाने एक केली, लाल पेनाने दुसरी.  मग ते उठले, फळ्यापाशी गेले, हाताने सदाचं नाव पुसलं आणि तिथे लिहिलं, गावडे. नियम तोच, बदलायचा, पण घुसायचं नाही. फॉर्मवर ऑफिसचा शिक्का मी मारला, नव्या साहेबाला न विचारता.

सोमवारी दुपारी मीच त्यांना एअरपोर्टवर सोडलं. हातात तीन खोकी, सगळी दुसऱ्यांची. कुणाची औषधं, कुणाच्या लेकराचे बूट. लीव्हला जाणाऱ्याने सगळ्यांचं सामान न्यायचं, हा कॅम्पचा रिवाज. त्यांचं स्वतःचं म्हणून एक पिशवी होती. "वहिनींना काय नेताय?" मी विचारलं. म्हणाले, "काही नाही घेतलं गो. तिला काय आवडतं तेच आठवेना." मला एवढं वाईट वाटलं की मी पार्किंगचं तिकीट शोधायचं नाटक केलं.

आत जायच्या काचेच्या दारापाशी ते थांबले. "बाय, तीस वर्षं ती गोष्ट सांगितली," म्हणाले. "साहेबांना सांगितली, पोरांना सांगितली. हिलाच नाही सांगितली. आता गेल्याबरोबर पहिलं तेच विचारतो, तू किती दिवस काढू शकली असतीस. खरं सांग म्हणतो." आणि लाइनीत जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईचं सामान खूप होतं. पाठीमागचा माणूस त्यांना म्हणत होता, काका, तुम्ही तिच्या पुढे व्हा. तात्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि आपल्या जागेवरच उभे राहिले.

मंगळवारी ते पोहोचले. मेसमध्ये चतुर्थीला आम्ही कागदाच्या मखरात गणपतीची तसबीर ठेवली होती. सकाळच्या आरतीला मीही गेले होते. आरती झाल्यावर सदाच्या फोनवर तात्यांचा व्हिडिओ कॉल आला. सगळी गर्दी करून बघायला लागले. दवाखान्यातली खाट. वहिनींचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले. शेजारी स्टुलावर तात्या, तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्याकडून मखर बघितलं, प्रसाद काय केला विचारलं. मग बाकीचे पांगले आणि सदाने फोन माझ्याकडे दिला.

"कशा आहेत वहिनी?"

"सोमवारी दुपारपर्यंत बोलत होती," तात्या म्हणाले. "कणकवलीचां चेडू सांगता. मग दुसरो झटको इलो. वाचा गेली."

सोमवारी दुपारी. आम्ही तेव्हा काचेच्या दारापाशी उभे होतो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. एक दिवस नियमाचा, दोन माझ्या शपथेचे, एक सहीचा. अशा वेळी माणूस जे नको तेच विचारतो. मी विचारलं, "तात्या, विचारलंत का त्यांना?"

तात्यांनी खाटेकडे बघितलं. वहिनींच्या अंगावरची चादर नीट केली.

"रोज विचारतंय," म्हणाले.